आम्ही, आपण आणि नववीचा वर्ग

मराठीत ‘ओळख’ हा शब्द मोठा बेरकी आहे. साहेबाकडे ओळख असली की काम होते. रस्त्यात कुणी ओळख दाखवली नाही की मन खट्टू होते. पोलीस मृतदेहाची ओळख पटवतात, आणि व्याख्यानापूर्वी पाहुण्यांची ओळख करून दिली जाते. या साऱ्या वापरांत एक गोष्ट समान आहे. ओळख ही दुसऱ्याने द्यायची किंवा नाकारायची गोष्ट आहे; आपली आपल्याला ती फारशी लागत नाही. समीक्षेच्या भाषेत आम्ही मंडळी ‘अस्मिता’ हा शब्द अधिक पसंत करतो. तो आतून आल्यासारखा वाटतो आणि भारदस्तही दिसतो. पण पतंजलीने अस्मितेची गणना पाच क्लेशांत केली आहे, हे आम्ही विद्यार्थ्यांना सहसा सांगत नाही. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. तिथे साधक अस्मितेचा क्लेश कमी करायला शिकत असताना, दोन-तीन कोसांवर खंडाळ्याच्या एका शाळेत आम्ही तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची अस्मिता जागृत करायला निघालो होतो, ही विसंगती आमच्या फार उशिरा ध्यानात आली.

आम्ही दोघे पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. खंडाळ्याच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आमच्या जुन्या परिचयातल्या. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी सुचवले की नववीच्या मुलांसाठी शनिवारचा एक तास घ्या. इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी ही पुस्तके वेगळी असली तरी माणूस एकच असतो, हे मुलांना कळावे असे काहीतरी करा. करोनाच्या काळात या मुलांची सातवी-आठवी घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवर पार पडली होती. त्यांना बोलते करावे, एवढीच बाईंची अपेक्षा होती. आम्ही मात्र तिला ‘सामाजिक दृष्टिकोन आणि स्व-ओळख’ असे नाव देऊन टाकले. सवय, दुसरे काय!

सकाळची लोणावळा लोकल, पुढे घाटाच्या तोंडापर्यंत रिक्षा, आणि जुलैचा तो ठार आंधळा करणारा पाऊस. पहिल्या शनिवारी आम्ही मुलांना कागद वाटले आणि ‘मी’ने सुरू होणारी दहा वाक्ये लिहायला सांगितली. प्रशिक्षण शिबिरांतून हा खेळ आम्ही अनेकदा खेळलो होतो. प्राध्यापक मंडळी त्यात ‘मी एक अस्वस्थ वाचक आहे’ वगैरे लिहितात. नववीच्या मुलांनी आपला दाखला उतरवून काढला. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख. बहुतेकांनी धर्म आणि जात, दाखल्यावर असते त्याच क्रमाने. आम्ही कुणाला जात विचारली नव्हती. पण ‘तू कोण?’ हा प्रश्न आजवर त्यांना ज्या टेबलांवरून विचारला गेला होता, त्या टेबलांना हेच उत्तर लागत होते. ज्यांना सवलत नको होती त्यांनीही जात लिहिली, ठळक अक्षरांत; काहींनी पुढे उद्गारचिन्ह दिले. आणि दोन-तीन मुलांनी तेवढी ओळ रिकामी सोडली होती. त्या रिकाम्या ओळींकडे आम्ही त्या दिवशी नीट पाहिले नाही, ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक अधिक मोठी. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने दहाऐवजी एकच वाक्य लिहिले होते: ‘मी हजर आहे.’ त्या शाळेत हजेरीला अजून ‘हजर’ असेच उत्तर देतात. आम्हांला त्या वाक्याने मोहिनी घातली. आमच्यापैकी एकाला त्यात अस्तित्ववाद दिसला, दुसरीला विद्रोह. आम्ही ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले, लिहिणाऱ्याला उभे केले आणि कौतुक केले. वर्ग हसला. आम्हीही त्या हसण्याला दाद समजून हसलो. तो मुलगा कातकरी वाडीवरचा होता, हे आम्हांला नंतर कळले. वर्षातले पाच-सहा महिने तो शाळेत नसतो, आणि तेव्हा त्याचे नाव पुकारले की मुले एका सुरात ‘भट्टीवर’ असे ओरडतात, हेही नंतर कळले. त्याचे वाक्य साधे होते. आज मी आलो आहे, एवढेच तो सांगत होता. आमच्या कौतुकानंतर वर्गाने त्याचे नाव ‘हजर’ ठेवले. पुढचे दोन शनिवार तो आला नाही.

इथे थोडे आमच्याविषयी सांगणे भाग आहे. एम.ए.च्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने शिकवतो. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो, एकाच माणसाची ही दुफळी, त्यातला सांगणारा आणि ऐकणारा, यावर आम्ही दोन-दोन तास बोललो आहोत. माणसाला आपली गोष्ट सांगण्यासाठी आधी स्वतःचे दोन भाग करावे लागतात आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते, असे आम्ही फळ्यावर लिहितो. आणि प्रत्यक्ष वर्गात मात्र चौदा वर्षांच्या पोराकडून ती किंमत दहा वाक्यांत वसूल करायला निघालो! जी मुले ठळक अक्षरांत जात लिहीत होती, त्यांच्यासाठी ओळख ही घरातली ढाल-तलवार होती, भिंतीवर टांगलेली. इतर काहींच्या लेखी ते रेशन दुकानातल्या रांगेत दाखवायचे कार्ड होते. एकाच प्रश्नपत्रिकेत आम्ही दोघांना समान गुणांचा प्रश्न दिला होता.

मग आम्ही ‘मी’ सोडून दिला. खंडाळ्यात दृष्टिकोनाचा धडा द्यायला पुस्तक कशाला हवे? या गावाचा व्यवसायच दृष्टिकोन विकण्याचा आहे. राजमाची पॉइंट, टायगर पॉइंट, सनसेट पॉइंट; पॉइंट म्हणजे शेवटी कुठून पाहायचे ती जागा. आम्ही मुलांना राजमाची पॉइंटवर नेले आणि दिसेल ते लिहा म्हणून सांगितले. धुके, दरी, समोर श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले, वाघजाईचे देऊळ, माकडे. असले निबंध येणार अशी आमची कल्पना. एका मुलाचे वडील तिथेच कणसे भाजून विकतात. त्याने लिहिले की पप्पा दिवसभर दरीकडे पाठ करून उभे असतात, कारण गिऱ्हाईक रस्त्याकडून येते. एका मुलीचे कुटुंब बंगल्याची राखण करते. मालकांच्या गॅलरीतून नागफणी दिसते आणि त्यांच्या खोलीतून गॅलरीचा खांब दिसतो, असे तिने कसलाही कडवटपणा न ठेवता नोंदवले होते. मालक आल्यावर नागफणीला ‘ड्यूक्स नोज’ म्हणायचे आणि गेल्यावर नागफणी, हीदेखील तिचीच नोंद. वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकावरून साहेबाने सुळक्याला नाव दिले. आमच्या लोकांना त्यात फणा दिसला. सुळका एकच. रेल्वे क्वार्टरमधल्या एका मुलाने दरीचे वर्णन कानांनी केले: रात्री कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने कोणत्या बोगद्यापाशी कशी ओरडतात, त्यावरून गाडी मालाची की प्रवाशांची हे तो अंथरुणातून सांगू शकतो.

हे निबंध आम्ही वाचून दाखवले नाहीत. एवढे शहाणपण आम्हांला आले होते. ज्याला वाटेल त्याने स्वतः वाचावे, असा नियम केला.

ऑगस्टच्या शेवटी कार्ल्याला गेलो. वर्गातली निम्मी मुले एकवीरेच्या दर्शनाला अनेकदा येऊन गेलेली. लेण्यात मात्र कुणी खांबांवरची अक्षरे पाहिली नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वीची ती ब्राह्मी आम्हांलाही वाचता येत नाही. छापील वाचन सोबत नेले होते. तिथल्या दात्यांनी आपली ओळख कशी लिहिली आहे, एवढेच मुलांना दाखवायचे होते. धेनुकाकटाचा गंधविक्या सिंहदत्त. धेनुकाकटाचाच सामी नावाचा सुतार, ज्याने दाराचे काम केले. वैजयंतीचा सावकार भूतपाल. आणि एकामागून एक यवन, ज्यांची नावे सिहधय, धम्म अशी! गाव, धंदा, नाव आणि काय दिले ते. यवन म्हणवून घेऊन धम्म हे नाव लावणाऱ्या माणसापुढे आमचा वर्ग बराच घोटाळला. ‘मग तो नक्की कोण, सर?’ एकाने विचारले. ज्याने खांब दिला तो, असे उत्तर दुसऱ्यानेच दिले. राजांच्या लेखांत गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र ही आयांची नावे ऐकून मुली खूश झाल्या. (महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत आईचे नाव वडिलांच्या आधी आले, सातवाहनांशी निदान एवढा मेळ बसायला बराच अवधी लागला.) त्याच लेखांत ‘मामाल’ असा प्रदेशाचा उल्लेख येतो, तेच आपले मावळ, हे सांगताना आमचा आवाज किंचित चढला असावा. आम्ही दोघेही मावळचे नव्हे. तरी ‘आपले’ म्हणून गेलो.

परतताना घाटाचा विषय निघाला. बोरघाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य अभियंता. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या-आल्या मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. ही नावे नोंदलेली आहेत. कामाच्या भराच्या दिवसांत एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर इथे राबत होते, पटकीने आणि अपघातांनी हजारोंनी मरत होते. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आम्ही मुलांना सांगू शकलो नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव ठाऊक आहे आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या खणत्याचे नाही. स्थानिक माणसांपैकी नाव उरले ते फक्त शिंगरोबाचे, तेही दंतकथेत: साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, ज्याला साहेबाने नंतर मारले. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि गाडीवाले तिथे नाणे टाकून पुढे जातात. वर्गातल्या एका धनगराच्या मुलीने ही गोष्ट फार अभिमानाने सांगितली. मग तिनेच विचारले, ‘वाट आमच्या लोकांना माहीतच होती, तर साहेबाने शोधली असे का म्हणतात?’ इतिहासलेखनावरचे आमचे निम्मे व्याख्यान त्या प्रश्नात आटोपले.

त्या सहलीला तो मुलगा आला होता. बाईंनी शिपाईमामांना वाडीवर पाठवले होते. आम्ही त्याची क्षमा मागायची ठरवून गेलो होतो, पण चारचौघांत क्षमा मागणे म्हणजे त्याला पुन्हा उभे करणेच होते; ते राहून गेले. त्याऐवजी आम्ही तिसरी चूक केली. लेण्याच्या पायऱ्या उतरताना बाजूच्या झुडपांकडे बोट दाखवून मोठ्या आस्थेने त्याला विचारले, ‘याचे औषध करतात का तुमच्याकडे? कुठली भाजी खातात यातली?’ कात काढण्यावरून ज्यांचे नाव पडले, त्या जमातीच्या मुलाला रान ठाऊक असणारच, अशी आमची खात्री. तो आमच्याकडे जरा नवलाने पाहत म्हणाला, ‘मला नाय माहीत, सर. आम्ही भट्टीवर असतो.’

शासनाच्या यादीत कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहे. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. अभ्यासकांच्या पुस्तकांत ती रानावनात असते. प्रत्यक्षात पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की कुटुंबासह घाटाखाली वीटभट्टीवर जायचे, आणि उचल फिटो न फिटो, पावसाच्या तोंडावर परतायचे, असे पुष्कळ कुटुंबांचे वर्ष असते. त्या मुलाला विटांचे गणित तोंडपाठ होते, चिखल किती मळला की साचा सुटतो हे ठाऊक होते, आणि झुडपाचे नाव ठाऊक नव्हते. वर्गाने त्याला एक ओळख दिली होती, आम्ही दुसरी, अधिक सुसंस्कृत दिली. दोन्ही त्याला विचारल्यावाचून.

सप्टेंबरात त्याने पॉइंटवरचा राहिलेला निबंध दिला. कागद घडी करून आमच्या पिशवीत सरकवला. त्यातला काही भाग त्याच्या परवानगीने इथे देतो, शुद्धलेखन तेवढे सुधारून:

‘दिवाळीनंतर आम्ही खाली जातो. रात्री भट्टीवरून वर बघितले की घाटात दिवे दिसतात. जे हलतात ते गाड्यांचे. जे हलत नाहीत ते खंडाळा. माझी आजी सांगते, तिकडे आपली शाळा. वरून आम्ही दिसत नसू, कारण आमच्याकडे लाइट नाही. भट्टी लावली की धूर दिसत असेल.’

या पाच-सहा ओळींत ‘आम्ही’ आहे आणि ‘आपली’ही आहे. मराठीला हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची सोय आहे, आणि व्याकरण शिकवताना आम्ही ती रोज सांगतो: ‘आपण’मध्ये ऐकणारा सामील असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर राहतो. पाठ्यपुस्तके पहिल्या पानापासून ‘आपण’ म्हणतात. आपला इतिहास, आपली संस्कृती, आपण मागील पाठात पाहिले. शिक्षकही तसेच बोलतो. ‘आपण’ म्हटल्यावाचून वर्ग बांधताच येत नाही. पण हा ‘आपण’ आमच्या बाजूने फार स्वस्तात दिलेला असतो. मुलाने त्याची परतफेड करावी, ‘आम्ही’ सोडून आमच्या ‘आपण’मध्ये यावे, ही घाई आम्हांला होती. त्याच्या निबंधातल्या ‘आम्ही’मध्ये आम्हांला जागा नव्हती. तशी ती नसणे योग्यच होते. भट्टीवर आम्ही कुठे होतो? आणि ‘आपली शाळा’ हे शब्द होते त्याच्या आजीचे, नातवासाठी उच्चारलेले. ती शाळा तिने पाहिलेली नाही.

ऑक्टोबरात आम्ही मुलांना मुक्ता साळवेची माहिती सांगितली आणि तिचा निबंध वाचून दाखवला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली मांग समाजातली ही मुलगी, वय सुमारे चौदा, म्हणजे या वर्गाएवढीच. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला; बोरघाटात सुरुंग उडू लागले त्याच्या आदल्या वर्षी. त्या निबंधात ‘मी कोण’ याची झडती नाही. पेशवाईतल्या जुलमापासून उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांपर्यंत ती सारे सांगते, देवालाच प्रश्न विचारते, आणि बोलते ती सगळ्यांच्या वतीने. फुल्यांनी तिला दहा वाक्ये लिहायला दिली नसणार. तीन वर्षे लिहा-वाचायला शिकवले असणार, आणि मग तिने काय लिहावे हे तिच्यावर सोडले असणार. वाचन संपल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. मग पहिल्या शनिवारी ती ओळ रिकामी सोडणाऱ्यांपैकी एक मुलगी उठली आणि तिने आपला पॉइंटवरचा निबंध वाचला. त्यात जातीचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि जे होते ते सगळ्यांना समजले. त्याविषयी इथे अधिक लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी झाली. वाडीवरून बातमी कळली तेव्हा कुटुंब खाली गेले होते. आम्ही धावाधाव केली. करण्यासारखे फारसे नव्हते. स्थलांतरित मुलांना जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची तजवीज आहे, पण मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, आठवीपर्यंतचा. नववीच्या उंबऱ्यावर तो थांबतो. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शाळेत आणणे ही त्यानंतर कुणाची कायदेशीर जबाबदारी उरत नाही; शिपाईमामा जातात ते आपल्या पायांनी. बाईंनी त्याचे नाव पटावरून काढले नाही. पटावर तांबड्या शाईने ‘गै’ची रांग लागली. मुलांनी ‘भट्टीवर’ असे ओरडणे बंद केले होते, एवढा फरक पडला. आमच्यामुळे की बाईंनी दम दिल्यामुळे, ते सांगता येणार नाही. आमचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

फेब्रुवारीत आम्ही मुंबईला एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय अर्थातच परिघावरच्या अस्मितांचा. रात्रीच्या गाडीने परतताना कर्जतला बँकर जोडेपर्यंत खाली उतरून वडा खाल्ला. गाडी घाट चढू लागल्यावर आम्ही दोघे दारापाशी जाऊन उभे राहिलो. ठाकूरवाडी गेली, मंकी हिल आले. दोन बोगद्यांच्या मधल्या फटींतून खाली खोपोलीच्या अंगाला दिव्यांचा पुंजका दिसे, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे रुंद काळोख. त्यात धूर आहे का, हे रात्री समजण्याची काही सोय नाही.

जूनमध्ये बाईंचा फोन आला. तो परत आला होता. परीक्षा बुडाल्यामुळे पुन्हा नववीतच बसला होता, आणि नाव पटावर सर्वांत शेवटी घातल्यामुळे त्याचा हजेरी क्रमांक बदलला होता.